मधली जागा

कोर्टाच्या वरच्या मजल्यावर साक्षीदारांना थांबवून ठेवतात त्या व्हरांड्यात एकच लांब बाक होता. दुसरा कधीकाळी मोडला, दुरुस्तीला गेला आणि तिकडचाच झाला. त्यामुळे ज्यांचं माणूस गेलं ते आणि ज्यांच्या माणसाने ते घालवलं ते, अशा दोन्ही घरांना पुकारा होईपर्यंत त्या एकाच बाकावर बसावं लागे. एका टोकाला हे, दुसऱ्या टोकाला ते. आणि मधे काकू.

काकू बसत म्हणजे ऐसपैस बसत. देह मुळात भरभक्कम, त्यात डाव्या हाताला पिशवी, उजव्या हाताला छत्री, आणि मांडीवर विणकाम. इकडच्याला तिकडचा दिसू नये आणि तिकडच्याने टाकलेला शब्द इकडे पोचू नये, एवढी सोय त्यांच्या नुसत्या बसण्याने होई. वकिलांचे कारकून त्यांना भिंतकाकू म्हणत. काकूंना ते नाव मनापासून आवडे. "अहो, भिंत गप्प तरी असते," त्या म्हणत, "मी बोलणारी भिंत आहे."

गुन्ह्याने पोळलेल्या घरांना साथ देणारं एक केंद्र गावात होतं. झेरॉक्सच्या दुकानामागे दोन खोल्या, दोन टेबलं, एक फोन. निवृत्त मुख्याध्यापिका असलेल्या बाई ते चालवत आणि सरकारच्या अनुदानावर ते चालत असे. कुणी पोलीस चौकीत बरोबर यायचं, कुणी दवाखान्यात, कुणी रडणाऱ्याचं ऐकून घ्यायचं. काकूंचं काम कोर्टातलं. त्यांच्या गळ्यात केंद्राचं ओळखपत्र असे. व्हरांड्यात एकदा दोन घरांची मारामारी झाल्यापासून पक्षकार, त्यांचे नातेवाईक, वकील आणि असं ओळखपत्र असलेली माणसं सोडून वर कुणाला जाऊ देत नसत.

त्या दिवशीची तारीख चष्मेवाल्यांची होती. बाजारातल्या बोळात चष्मे दुरुस्त करणारा हा माणूस, त्याचा आवाज चढलेला कधी कुणी ऐकला नव्हता. त्याच्या दोन मुली. थोरलीचं लग्न झालं, तिला मुलगी झाली, आणि एका दुपारी नवऱ्याने संशयाच्या भरात तिला जिन्यावरून ढकललं. ती गेली. धाकटी तेव्हा सुटीत बहिणीकडे राहायला गेली होती. तिने सगळं पाहिलं होतं. पाहणारं दुसरं मोठं कुणी घरात नव्हतं, म्हणजे खटल्याचा सगळा भार त्या कोवळ्या पोरीच्या एका जबानीवर. आरोपी जामिनावर बाहेर आला होता आणि थोरलीची छकुली त्याच्या आईकडे होती.

ही आई, म्हणजे चष्मेवाल्यांची विहीण, दर तारखेला छकुलीला घेऊन यायची. चांगला फ्रॉक, केसांना फीत. कोर्टात त्या पोरीचं काय काम, असं तिला विचारणारं कुणी नव्हतं. ती बाकाच्या टोकाला बसून छकुलीलाच सांगितल्यासारखं बोलायची, "बघ, ती मावशी बघ तुझी. आता तुला ओळखायची नाही ती. बाबांना जेलात पाठवणार आहे ना, मग तू कुठे आणि मावशी कुठे."

त्या दिवशी ते ऐकून धाकटीचा चेहरा पांढरा पडला. काकूंनी सुया खाली ठेवल्या आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"अहो बाई, तुमचे गुडघे दुखतात का हो? माझे इतके दुखतात म्हणून सांगू! काल डॉक्टरकडे गेले. तो म्हणाला, वजन कमी करा. मी म्हटलं, तुम्ही आधी फी कमी करा. तर तो काय म्हणाला माहितीये?"

डॉक्टर काय म्हणाला हे विहिणीला शेवटपर्यंत कळलं नाही, कारण गुडघ्यांवरून काकू पित्तावर गेल्या, पित्तावरून जावेच्या स्वभावावर, आणि पुढची तारीख पडेपर्यंत विहिणीला मधे शब्द घालायला फट मिळाली नाही. तिने तोंड फिरवलं. इकडे धाकटीने ओढणी तोंडावर धरली होती. काकूंना वाटलं रडतेय. बघतात तर पोरगी हसत होती. बहिणीमागे पहिल्यांदाच हसत असावी, कारण चष्मेवाल्याने ते पाहिलं आणि घाईने स्वतःचा चष्मा पुसायला काढला.

जिना उतरताना धाकटीने काकूंचा हात धरला. "काकू, माझी साक्ष होईल त्या दिवशी तुम्ही याल ना?"

"न येऊन सांगतेय कुणाला? तू आत बोल, मी बाहेर बसते. आत कोण काय विचारतो त्याला बिचकू नकोस. जे पाहिलंस ते सांगायचं, बस्स."

"तुम्ही बाहेर आहात हे माहीत असलं की मला बोलता येईल," ती म्हणाली.

घरी काकूंचे यजमान, आयुष्यभर गॅरेजात उभं राहून कंबर धरून बसलेले, त्यांची टर उडवत. "कमाल आहे सरकारची! मी जन्मभर उभा राहिलो तर मालकाने कधी खुर्ची दिली नाही, आणि तुला नुसतं बसायचा पगार देतात."

"तुम्ही बसून दाखवा की एक दिवस तिथे."

"नको रे बाबा," ते म्हणत आणि काकूंसाठी पाणी तापवायला उठत. 

मग तपासणी आली. अनुदान पुढे चालू ठेवायचं की नाही हे ठरवायला वरून एक अधिकारी आला. तरुण, नम्र, चहा सुद्धा स्वतः उठून घेणारा. त्याच्यात खोट काढावी असं काही नव्हतं, हीच तर पंचाईत. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. बाईंनी सगळ्यांना आधीच बजावलं होतं, "जे आहे ते खरं सांगायचं. फुगवून एक शब्द नको."

"आपण नेमकं काय करता?" त्याने काकूंना विचारलं.

"मी बसते."

"म्हणजे समुपदेशन करता?"

"नाही हो. ते बाई करतात. मी मधे बसते."

"बसून काय करता?"

काकूंना अशा वेळी गंभीर राहता येत नसे. धाक वाटला की त्यांच्या तोंडून विनोदच बाहेर पडायचा, तसा तो पडला. "विणते. फार उन्हं तापली तर डुलकी काढते. फुकटचा पगार खाते म्हणा ना साहेब!"

साहेब हसले, बाई हसल्या, काकू तर सगळ्यांत जास्त हसल्या. मग त्याने समजूतदारपणे विचारलं, "पण काकू, तुमच्या बसण्याने काय बदललं, हे आम्ही वर कसं दाखवायचं?" काकूंनी खूप विचार केला. जे बोललं गेलं नाही, जी धमकी पोचली नाही, जी पोर घाबरून घरी पळाली नाही, ते दाखवायचं कसं? न घडलेल्या गोष्टीचा फोटो निघत नाही. "मी नसले की कळेल," असं त्या म्हणाल्या आणि तेही सगळ्यांना विनोदासारखंच वाटलं.

अनुदान थांबलं. रद्द झालं असं कुणी म्हटलं नाही. ते फेरविचाराधीन होतं. बाई दर आठवड्याला कचेरीत खेटे घालत आणि दर वेळी त्यांची गोड बोलून बोळवण होई. त्याच सुमारास त्याच खात्याने गावभर मोठाले फलक लावले. कोर्टाच्या समोरही एक लागला. त्यावर हसरं कुटुंब आणि खाली ठसठशीत अक्षरं: 'पीडितांनो, बोला! आम्ही पाठीशी आहोत.' फलकाचा फोटो निघतो, त्याचं उद्घाटन होतं, आणि कुणी विचारलं तर बोट करून दाखवता येतो. ज्यांच्या पाठीशी असल्याचं त्यावर लिहिलं होतं ती माणसं फलकाखालून मान खाली घालून कोर्टात जात आणि तशीच बाहेर येत.

केंद्राची एक खोली सोडावी लागली, फोन कापला गेला, आणि एके दिवशी बाईंनी काकूंचं ओळखपत्र मागून घेतलं. "नियम आहे हो. मला तोंड दाखवायला जागा नाही."

"माझ्या त्या डुलकीमुळे तर नाही ना झालं, बाई?"

"छे! वरूनच ठरलं होतं म्हणतात," बाई म्हणाल्या. काकूंचं समाधान झालं नाही. पण यजमानांच्या औषधांना समाधान चालत नाही. त्या परत आपल्या जुन्या कामावर, दवाखान्याच्या धुलाईघरात लागल्या. वाफेत उभं राहून चादरींच्या घड्या घालायच्या. दिवसभर उभं राहायचं.

चष्मेवाल्यांच्या तारखा पडतच होत्या. आज न्यायाधीश रजेवर, पुढे वकील आजारी, मग कागद आले नाहीत. काकूंनी पहिल्या तारखेला सुटी मागितली. मुकादम म्हणाला, "परत नव्याने लागलात ना? एक दिवस सांगा, देतो. पण सारखी मिळायची नाही." काकूंनी हिशेबीपणाने विचार केला. या नुसत्या तारखांना काय होतं? नाव पुकारतात, पुढची तारीख देतात, सगळे घरी. ती एक सुटी खऱ्या तारखेला ठेवावी, साक्षीच्या. त्यांनी बाईंबरोबर धाकटीला निरोप धाडला: साक्षीच्या दिवशी मी येतेच, काळजी करू नकोस.

इथे काकू चुकल्या. ज्या बाईने वर्षानुवर्षं रिकाम्या तारखा बसून काढल्या, तिलाच त्या रिकाम्या वाटल्या! आत काही होत नाही त्या दिवशी बाहेर सगळं होतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? पण उभं राहून पाय सुजलेल्या माणसाला बसण्याची किंमत आठवत नाही, आणि पोटाची काळजी लागली की शहाणपण मागे पडतं. मी त्यांना दोष देणार नाही. तुम्हीही देऊ नका.

पहिल्या दोन तारखांना बाकावर मधली जागा मोकळी राहिली. तिसऱ्या तारखेला विहिणीने आपला डबा तिथे ठेवला. पुढच्या वेळी डबा उचलला आणि ती स्वतः सरकली. धमकी नाही, दटावणी नाही. तिने पाण्याची बाटली पुढे केली. चष्मेवाल्याच्या बायकोच्या खोकल्याची चौकशी केली. "झालं ते फार वाईट झालं हो. माझी सून का परकी होती? पण गेलेली परत येते का? मागे राहिलेल्यांचं बघायला नको?" आणि एका तारखेला तिने छकुलीला उचलून सरळ धाकटीच्या मांडीत ठेवलं.

छकुलीचे डोळे थोरलीचे होते. तिने मावशीच्या गळ्यात हात टाकले. चष्मेवाल्याची बायको हुंदके देऊन रडू लागली आणि चष्मेवाला भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्या बाकापाशी तिघांच्या मनात एकच विचार आला: साक्ष फिरवली तर ही पोर आपल्याला दिसत राहील.

पुढे चार नातेवाईक चष्मेवाल्याच्या दुकानात येऊन बसले. आपल्याकडे याला समजूत म्हणतात. मोठ्या अदबीने होते ही समजूत. मयताच्या घरच्यांना समोर बसवायचं, त्यांच्या हातात चहाचा कप द्यायचा आणि त्यांचा न्याय काढून घ्यायचा. "धाकटीचंही लग्न व्हायचंय, कोर्टात उभी राहिलेली पोर कोण करून घेईल? आणि छकुलीला दर रविवारी तुमच्याकडे पाठवतील की, त्यांनी शब्द दिलाय."  चष्मेवाला एक चष्मा पुसत होता, पुसतच राहिला.

साक्षीची तारीख आली. काकू सकाळीच निघाल्या. पिशवी, छत्री, विणकाम, सगळं घेतलं. यजमान दारापर्यंत आले. "नीट बस गं," ते म्हणाले. त्यात टर नव्हती.

जिन्याच्या तोंडाशी नेहमीचा शिपाई होता. वर्षानुवर्षांची ओळख, काकूंनी विणलेला मफलर त्याच्या गळ्यात असायचा. त्याची नजर काकूंच्या रिकाम्या गळ्यावर गेली.

"काकू, ओळखपत्र?"

"अरे, जमा करून घेतलं. आजच्या दिवस सोड. पोरीची साक्ष आहे."

"नाही हो सोडता येत. वर नवीन साहेब आलेत, परवाच एकाला घरी बसवलंय." तो अगदी रडवेला झाला. "नातेवाईक आहात म्हणा. कुणी वरून येऊन हो म्हटलं तर मी सोडतो."

"मावशी आहे मी तिची. विचार तिच्या वडिलांना."

शिपाई वर गेला आणि चष्मेवाल्याला घेऊन आला. जिन्याच्या वरच्या वळणावर तो थांबला, खाली उतरला नाही. काकूंनी हात हलवला. त्याने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, डोळ्यांवर चढवला नाही. चष्म्याशिवाय त्याला काही दिसत नसे.

"ही बाई तुमच्यातली आहे का?" शिपायाने विचारलं.

"नाही," चष्मेवाला म्हणाला. "आमच्याबरोबर कुणी नाही."

तो वळला आणि भिंतीचा आधार घेत वर गेला. काकूंना राग आला नाही. राग यायला समोर कुणी तरी असावं लागतं.  शिपायाने आपलं स्टूल पुढे सरकवलं, आणि काकू फाटकाशी, फलकासमोर बसल्या.

वर काय झालं ते दुपारी खाली आलं. धाकटी शपथ घेऊन म्हणाली, "ताईचा पाय घसरला. मी आत होते. मला आवाज आला." सरकारी वकिलाने तिला तिची आधीची जबानी वाचून दाखवली. ती म्हणाली, तेव्हा मी घाबरलेली होते. मग तिला जायला सांगितलं. तिला मोकळं करायला घटकाभरही लागली नाही.

ते सगळे एकत्रच बाहेर पडले, एका लग्नघरातून निघावेत तसे. विहीण पुढे, तिचा मुलगा मागे, चष्मेवाला आणि त्याची बायको जरा बाजूने. धाकटीच्या कडेवर छकुली होती. काकूंना पाहून ती थांबली.

"काकू."

"मी आले होते गं. सकाळपासून इथेच आहे. मला वर सोडलं नाही."

"आज नाही," धाकटी म्हणाली. तिचा आवाज म्हाताऱ्या बाईसारखा कोरडा होता. "आज येऊन काय करणार होतात? तेव्हा का नाही आलात? आधीच्या सगळ्या तारखांना? ताईच्या सासूबाई रोज माझ्या शेजारी बसत होत्या. रोज. तुमची जागा मी दोन तारखा धरून ठेवली होती, काकू."

काकूंनी काय सांगायचं होतं? अनुदान फेरविचाराधीन आहे म्हणून? एका पोरीला हे उत्तर देता येतं का? बोलणाऱ्या भिंतीला त्या दिवशी बोलता आलं नाही.

"चल गं," विहीण लांबून गोड आवाजात म्हणाली, "छकुलीला भूक लागली असेल." आणि परत येऊन तिने धाकटीच्या कडेवरून पोर उचलून घेतली. छकुली रडली. तिला गाडीत बसवलं. गाडीत धाकटीला जागा नव्हती.

आरोपी सुटला. दोन रविवार छकुली आली, तिसऱ्या रविवारी तिला ताप होता, आणि पुढे ते कुटुंब दुसऱ्या गावी राहायला गेलं. पत्ता कुणाला दिला नाही. धाकटी दुकानात वडिलांच्या जागी बसते. गिऱ्हाइकाने विचारलं तेवढंच बोलते. तिचं लग्न काही अजून जमलेलं नाही. समजूत घालायला आलेले चौघे परत फिरकले नाहीत.

बाईंनी मात्र नाद सोडला नाही. त्यांनी वर पुन्हा लिहिलं, कोर्टात साथ देणारं माणूस किती गरजेचं आहे ते जीव तोडून मांडलं. यावेळी उत्तर लवकर आलं. बाई ते घेऊन धुलाईघरात आल्या. वाफेत चष्म्याच्या काचा धूसर झाल्या म्हणून त्यांनी ते तोंडीच सांगितलं. मागच्या वर्षभरात या कोर्टात साथ मागणारा एकही अर्जदार आढळला नाही. सबब, गरज दिसून येत नाही.

काकू चादरीची घडी घालत होत्या. घडी पुरी करून त्यांनी ती रचलेल्या ढिगावर ठेवली.

"मागायचं कुणाकडे होतं हो त्यांनी?" त्या म्हणाल्या.

बाईंनी चष्म्याच्या काचा पुसल्या. याचं उत्तर माझ्याकडे नाही. ते ज्यांच्याकडे आहे त्यांना आपणच निवडून दिलं आहे, आणि फलक छान झाला म्हणून आपणच मान डोलावली आहे. उद्याही त्या कोर्टात कुणाची तरी तारीख आहे. एखादी पोर बाकावर बसेल, आणि तिच्या शेजारी सरकायला कुणीतरी टपलेलंच असेल.